मानाचा मासा

६० सेंटिमीटर लांब, ३० रुंद, ३० उंच. माशांच्या अशा टाकीत हिशेबाने ५४ लिटर पाणी मावतं. रेती, दगड आणि वरची मोकळी जागा वजा केली की ४५च्या आसपास उरतं. त्यात दहा-बारा निऑन टेट्रा, म्हणजे थव्याने फिरणारे चिमुकले मासे, सोडले की पहिले चार दिवस भान हरपतं. मग नजर ठरेनाशी होते. सगळे सारखेच, सगळे एकदम वळणारे. त्यांच्यात एखादा जरा मोठा, वेगळ्या चालीचा मासा हवासा वाटतो. हौशी मंडळी त्याला सेंटरपीस म्हणतात, मी आपला मानाचा मासा म्हणतो.

पहिली नजर जाते एंजल माशावर. विकायला असतं ते बोटाच्या पेराएवढं पिल्लू. पण ॲमेझॉनच्या खोऱ्यातला, सिक्लिड कुळातला हा मासा अंगाने १५ सेंमीपर्यंत लांब होतो आणि परांसकट त्याची उंची २० सेंमीच्या पुढे जाते. टाकीची उंचीच ३० असेल तर त्याने वळायचं कुठे? शिवाय तोंडात मावेल तो त्याचा घास. हे मी निऑन मोजून शिकलो: बारा, दहा, सात. मेलेला मात्र एकही सापडला नाही.

‘इंचभर माशाला गॅलनभर पाणी’ हा जुना ठोकताळा इथेच फसवतो. शरीराची ठेवण तीच राहून लांबी दुप्पट झाली, तर वजन आठपट होतं. वजन वाढलं की खाणं वाढतं आणि कल्ल्यांवाटे पाण्यात जाणारा विषारी अमोनियाही. त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे जीवाणू फिल्टरच्या स्पंजवर वस्ती करतात; नव्या टाकीत ही वस्ती बसायला चार ते सहा आठवडे लागतात. छोट्या टाकीत चूक पचवायला पाणीच कमी असतं.

रॅम सिक्लिड आकाराने बसतो, दिसतोही देखणा. पण ओरिनोकोच्या खोऱ्यातल्या या माशाला २७ ते ३० अंश सेल्सियस मानवतं, निऑनला २२ ते २५. मधलं तापमान धरलं तर दोघंही नाराज. फायटर माशाचा नर एकटा असताना शोभतो. लांब शेपटीच्या गप्पींसोबत मात्र त्याचा नेम नाही.

माझं मत हनी गौरामीला. गंगा-ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातला, जेमतेम ५ सेंमीचा मासा. शास्त्रीय नोंद १८२२ सालची. विक्रीच्या टाकीत तो घाबरून फिका पडलेला असतो, म्हणून गिऱ्हाईक पुढे सरकतं आणि शेजारच्या लाल-निळ्या पट्ट्यांच्या ड्वार्फ गौरामीवर भाळतं. तो सुंदरच आहे, पण पैदास केंद्रांतून येणाऱ्या ड्वार्फ गौरामींमध्ये एका इरिडोव्हायरसचा प्रादुर्भाव आढळतो आणि त्यावर इलाज नाही.

हनी गौरामी रुळला की काचेजवळ बसून बघावं. त्याच्या पोटाखालचे दोन पर दोऱ्यासारखे बारीक असतात. ते पुढे करून तो पान, दगड, शेजारचा मासा चाचपतो. त्यांच्यावर चवीच्या पेशी असतात, म्हणजे हे चाचपणं चाखणंही असतं. मधूनच तो सावकाश वर जातो, हवेचा एक घोट घेतो आणि खाली येतो. कल्ल्यांच्या वर त्याला लॅबिरिंथ नावाचा चक्रव्यूहासारखा अवयव आहे. ऑक्सिजन कमी असलेल्या साचलेल्या पाण्यात तो त्यावर तगतो. विणीच्या काळात नराचं अंग मधासारखं पिवळं होतं, गळ्यापासून खाली काळसर निळा पट्टा उमटतो आणि तो पाण्यावर बुडबुड्यांचं घरटं बांधतो.

मात्र तो लाजाळू. एकटा सोडला तर झाडाआड बसतो. छोटे मासे उघड्यावर निवांत फिरत असले की आसपास शिकारी नाही, असा अंदाज तो बांधतो आणि बाहेर येतो. म्हणून आधी थवा सोडा, तो स्थिरावू द्या, आणि दोन-तीन आठवड्यांनी गौरामी आणा. दोन आणायचे तर नर-मादी. दोन नर एवढ्याशा जागेत एकमेकांना पळवून बेजार करतात. फिल्टरचा झोत मंद ठेवा, थोडी तरंगती झाडं सोडा. आणि टाकी काठोकाठ भरू नका. झाकणाला पाणी टेकलं तर तो हवेचा घोट घेणार कुठून?