डच ओव्हन

डच ओव्हन : जाड भिंतीचे, घट्ट आणि वजनदार झाकणाचे बिडाचे, म्हणजे ओतीव लोखंडाचे, पातेले. नावात ओव्हन असले तरी ही भट्टी नव्हे. निखाऱ्यांत ठेवल्यावर भांडे स्वतःच भट्टीचे काम करते, एवढाच त्या शब्दाचा अर्थ. उत्तर अमेरिकेच्या घरगुती स्वयंपाकात मांसाचा दाट रस्सा, तासन्‌तास शिजणाऱ्या बीन्स, मक्याचा पाव आणि फळांचा कॉबलर (फळांवर पिठाचे गोळे ठेवून भाजलेला गोड पदार्थ) हे पोटभरीचे पदार्थ या एकाच भांड्यात होत आले आहेत.

याचे दोन प्रकार आहेत. शेगडीवर वापरायचा प्रकार सपाट बुडाचा, घुमटासारख्या झाकणाचा. छावणीतल्या प्रकाराला बुडाशी तीन आखूड पाय असतात, उचलायला तारेची कडी असते आणि झाकण जवळजवळ सपाट असून त्याच्या कडेने बोटभर उंचीचा उभा काठ असतो. हा काठ दिसायला किरकोळ, पण सगळी करामत त्याची. त्याच्यामुळे झाकणावर निखारे रचता येतात आणि झाकण उचलताना राख जेवणात पडत नाही. निदान पडू नये अशी अपेक्षा असते. झाकण उचलायचा आकडा त्याच्या मधल्या कानात नीट अडकला नाही आणि झाकण कलले, की रश्श्यावर राखेचा थर आलाच. बारा इंची भांडे रिकामे असतानाच सुमारे नऊ किलोचे भरते, त्यामुळे हे काम एका हाताने करण्याच्या फंदात जाणकार पडत नाहीत.

नावाचा उगम सहसा इंग्लंडमधल्या अब्राहम डार्बीशी जोडला जातो. डच कारागीर वाळूच्या साच्यात पितळेची भांडी ओतत. ती भांडी गुळगुळीत निघत. डार्बीने तीच रीत स्वस्त लोखंडाला लावली आणि १७०७ मध्ये वाळूच्या साच्यात लोखंडी भांडी ओतण्याचे पेटंट घेतले. दोनच वर्षांनी, १७०९ मध्ये, कोलब्रुकडेल येथे त्याने लोणारी कोळशाऐवजी कोक, म्हणजे भाजलेला दगडी कोळसा, वापरून लोखंड गाळले. उद्योगाच्या इतिहासात कोकचा मान मोठा, पण त्या भट्टीतून सुरुवातीला बाहेर पडत होती ती भांडीच. कोकवर गाळलेले लोखंड अधिक प्रवाही असल्याने भांड्याची भिंत पातळ ओतता येई आणि लोखंड कमी लागे.

अटलांटिकपलीकडच्या वसाहतींत अशी भांडी ही मालमत्ता होती. जॉर्ज वॉशिंग्टनची आई मेरी बॉल वॉशिंग्टन हिने १७८८ च्या मृत्युपत्रात स्वयंपाकघरातल्या लोखंडी सामानाची वाटणी करून ठेवली आहे. पुढे पश्चिमेकडे निघालेल्या वस्तीकरांच्या गाड्यांतून ही भांडी गेली. १८६६ मध्ये टेक्सासच्या चार्ल्स गुडनाइटने गुरे हाकणाऱ्यांसाठी स्वयंपाकाची गाडी, चकवॅगन, तयार केल्यावर तिच्यामागच्या चुलाणापाशी डच ओव्हन कायमचे बसले. बीन्स, आंबवलेल्या पिठाची बिस्किटे, म्हणजे छोटे मऊ पाव, आणि रस्सा हा तिथला नेहमीचा बेत.

बिडात सुमारे २ ते ४ टक्के कार्बन असतो. त्यामुळे ते १,१५० ते १,२०० अंश सेल्सिअसला वितळते. शुद्ध लोखंडाला १,५३८ अंश लागतात. ओतकाम सोपे होते ते यामुळे, आणि भांडे ठिसूळ होते तेही यामुळेच. पडले तर पोचा येत नाही, सरळ फुटते; तापलेल्या भांड्यात गार पाणी ओतले तर तडकते.

बिडाच्या भांड्यात उष्णता सगळीकडे सारखी पसरते, असे सर्रास सांगितले जाते. हे चूक आहे. उष्णता वाहून नेण्यात बीड ॲल्युमिनियमच्या साधारण पाचव्या हिश्श्याइतकेच कामाचे. लहान शेगडीवर घाईने तापवलेल्या बिडाच्या भांड्यात मध्यभागी करपते आणि कडेला कच्चे राहते. किलोमागे उष्णता साठवण्यातही ॲल्युमिनियम बिडाच्या पुढे आहे. बिडाचे बळ आहे ते वजनात. एवढा जड ऐवज एकदा तापला की थंड मांस टाकले तरी पटकन निवत नाही, आणि आच कमीजास्त झाली तरी आतली उकळी फारशी हलत नाही. म्हणून मंद आचेवर आधी दहा मिनिटे भांडे तापू देणे हा या स्वयंपाकातला पहिला नियम.

रश्श्याचे उदाहरण घ्यावे. बैलाच्या खांद्याचे चिवट, स्वस्त मांस मोठ्या तुकड्यांत कापून, कोरडे पुसून, थोडे थोडे करून तेलात परततात. सगळे एकदम टाकले तर पाणी सुटते आणि मांस तांबूस होण्याऐवजी उकडते. बुडाशी जी तपकिरी खरपुडी धरते ती करप नव्हे. कांदा घालून चमचाभर पाण्याने ती खरवडली की रश्श्याचा रंग आणि अर्धी चव तिच्यातून येते. मग पाणी किंवा मांसाचा अर्क घालून झाकण ठेवतात. उकळी अशी हवी की एखादाच बुडबुडा वर यावा. अडीच ते तीन तासांत मांसातले कोलॅजेन विरघळून जिलेटिन बनते, तुकडा चमच्याने तुटतो आणि रस्सा पीठ न लावताही ओठांना चिकटतो. महागडे कोवळे मांस या भांड्यात वाया जाते. ते कोरडे पडते. चिवट, वाळके आणि धीर धरणारे, असेच जिन्नस इथे खुलतात.

कॉबलरला मात्र एवढी वाट पाहावी लागत नाही. पीच किंवा सफरचंदाच्या फोडी साखरेत घालून तळाशी, वर सैल पिठाचे गोळे, आणि पाऊण तासाच्या आसपास काम होते. इथे वरची आच महत्त्वाची. छावणीतले जुने गणित असे, की भांडे जितके इंची, त्यात तीन मिळवून तितके कोळशाचे वडे झाकणावर आणि तीन वजा करून तितके बुडाखाली. बारा इंचीला वर पंधरा, खाली नऊ. आत साधारण १६० ते १७५ अंश मिळतात. मांस शिजवताना खालचे वाढवून वरचे कमी करतात. दर पंधरा मिनिटांनी भांडे एका दिशेने आणि झाकण उलट दिशेने पाव फेरा फिरवले की एकाच जागी डाग पडत नाही. वारा असेल तर गणित कोलमडते, आणि तेव्हा नाकावर भरवसा ठेवावा लागतो.

पावासाठी हे भांडे नव्याने गाजले ते २००६ मध्ये. न्यूयॉर्कचा बेकर जिम लाही याची न मळता पाव करण्याची कृती त्या वर्षी वृत्तपत्रातून प्रसिद्ध झाली. अगदी सैल पीठ रात्रभर आंबवून ते सुमारे २३० अंशांना तापलेल्या बंद भांड्यात सोडायचे. पिठातलीच वाफ झाकणाखाली कोंडून राहते, साल लवकर टणक होत नाही आणि पाव फुलतो. अर्ध्या तासाने झाकण काढले की साल कुरकुरीत होते. बेकऱ्यांतल्या वाफेच्या भट्ट्यांचे काम घरच्या भांड्याने केले.

कोरे बीड गंजते, म्हणून त्यावर तेलाचा थर चढवतात. याला सीझनिंग म्हणतात. तेलाचा पुसट हात फिरवून भांडे उपडे ठेवून तासभर कडक तापवले, की तेल घट्ट होऊन लोखंडाला काळ्या, गुळगुळीत सालीसारखे धरून बसते. तेल जास्त झाले तर चिकट राहते. बहुतेकांची फजिती इथेच होते. साबण लावूच नये ही समजूत जुन्या, तीव्र क्षाराच्या साबणांच्या काळची आहे. आजच्या सौम्य साबणाने काही बिघडत नाही, रात्रभर पाण्यात बुडवून ठेवल्याने मात्र बिघडते. टोमॅटो किंवा वाइन घालून तासन्‌तास शिजवायचे असेल तर थर उखडतो, पदार्थात लोह उतरते आणि धातूची चव येते. तिथे काचेसारखा मुलामा दिलेली भांडी बरी. फ्रान्समध्ये ल क्रुझे ही कंपनी १९२५ पासून अशी भांडी करते. तिकडे या भांड्याला कोकोत म्हणतात.

अमेरिकेत या भांड्याला सरकारी मानही आहे. युटाने १९९७ मध्ये, आर्कान्सॉने २००१ मध्ये आणि टेक्सासने २००५ मध्ये त्याला राज्यचिन्हांच्या यादीत बसवले. दक्षिण आफ्रिकेत गोल पोटाचे, तीन पायांचे पॉइकी हे त्याचे भावंड. त्यात मांस आणि भाज्या थरांनी रचतात आणि शिजेपर्यंत ढवळत नाहीत. ऑस्ट्रेलियात त्याला कॅम्प ओव्हन म्हणतात आणि त्यात डॅम्पर नावाचा साधा पाव भाजतात. तिथल्या गुराख्यांची बिडाची भांडी ओझ्याच्या घोड्यावरून पडून फुटत, म्हणून क्वीन्सलँडमध्ये पोलादी पत्र्याचे हलके भांडे निघाले. बेडूरी या गावावरून त्याला बेडूरी ओव्हन म्हणतात, आणि त्याचे झाकण उलटे करून तवा म्हणूनही वापरता येते.