पाठीवरचे तीस किलो : ट्रेकमधल्या पोर्टरच्या प्रश्नाची पार्श्वभूमी

मे महिन्याची सुट्टी लागली की कोल्हापुरातून हिमालयाकडे निघणाऱ्या ट्रेकर्सची गर्दी होते. पूर्वी हिमाचल आणि उत्तराखंड एवढीच धाव असायची, आता एव्हरेस्ट बेस कॅम्प आणि अन्नपूर्णाही त्यात आले. या ट्रेकच्या खर्चाच्या तपशिलात ‘ऑफलोडिंग’ अशी एक बाब असते. जादा पैसे भरले की आपली सॅक पोर्टरच्या किंवा खेचराच्या पाठीवर जाते. सह्याद्रीत हा प्रश्न फारसा येत नाही. पावसात पन्हाळ्याहून मसाई पठारामार्गे पावनखिंडीकडे चालणारा आपली सॅक आपणच वाहतो, आणि मुक्कामाचं जड सामान बहुधा गाडीने पुढे जातं. त्यामुळे ओझं वाहणाऱ्या माणसाला काय मिळायला हवं, ही चर्चा आपल्याकडे उशिरा आली.

हिमालयात ती जुनी आहे. इंग्रजी अमलात आजच्या उत्तराखंडातल्या कुमाऊंच्या गावकऱ्यांना साहेबांचं सामान वाहून न्यावंच लागे, त्यासाठी गावोगाव नावांच्या वह्या असत. १९२१ च्या जानेवारीत बागेश्वरच्या उत्तरायणी मेळ्यात लोकांनी त्या वह्या शरयू नदीत बुडवल्या. त्याच वर्षी एव्हरेस्टची पहिली पाहणी मोहीम निघाली. पुढच्या वर्षीच्या मोहिमेत हिमस्खलनाने सात भारवाहकांचा बळी घेतला. १९५३ च्या यशस्वी मोहिमेचं सामान साडेतीनशेहून अधिक माणसांच्या पाठीवरून गेलं. स्वातंत्र्यानंतर भारतीय संविधानाच्या अनुच्छेद २३ ने वेठबिगारीला बंदी घातली. पण मजुरी देऊन नेलेल्या माणसाला किती ओझं द्यावं आणि तो आजारी पडला तर काय, हा प्रश्न तसाच राहिला.

त्याला तोंड फुटलं १९९७ मध्ये. नेपाळमध्ये ट्रेकिंगच्या गटासोबत गेलेला विशीतला एक पोर्टर उंचीच्या आजाराने खंगला. त्याचा हिशेब चुकता करून त्याला एकट्यालाच खाली पाठवण्यात आलं आणि तो वाटेत मेला. ‘पहाडी माणसाला उंची बाधत नाही’ हा समज त्याच्या जिवावर उठला. वास्तविक ट्रेकवरचे बरेच पोर्टर खालच्या, शेतीच्या गावांतून येतात. हवा विरळ होत जाते तसं त्यांचंही डोकं आपल्यासारखंच ठणकतं. या मृत्यूनंतर एक आंतरराष्ट्रीय गट उभा राहिला आणि त्याने मार्गदर्शक सूचना काढल्या: पोर्टरला ऋतू आणि उंचीप्रमाणे कपडे, निवारा आणि गरम जेवण द्यावं, ट्रेकरला मिळतो तोच औषधोपचार त्यालाही मिळावा, गटप्रमुखाने तपासल्याशिवाय आजारी पोर्टरला कामावरून काढू नये आणि खाली एकट्याला पाठवू नये.

या सूचनांमधला वजनाचा मुद्दा मात्र आजही वादाचा आहे. नेपाळसाठी ३० किलो, पाकिस्तान आणि पेरूसाठी २५, आफ्रिकेतल्या किलिमांजारो पर्वतासाठी २० असे आकडे त्यात आले. पेरूने २००१ मध्ये पोर्टरांसाठी स्वतंत्र कायदा केला, त्यात मात्र मर्यादा २० किलो. हा फरक पडतो कुठे? पोर्टरचं स्वतःचं सामान वजनात धरायचं की नाही, इथे. नेपाळमध्ये दोन ट्रेकर्समागे एक पोर्टर अशी रीत आहे. प्रत्येकाचे १५ किलो धरले की ३० तिथेच भरतात. मग त्याचं पांघरूण, जाड कपडे, शिधा कुठे जायचा? हे सामान एक तर मर्यादेच्या वर जातं, नाहीतर खाली गावातच राहतं. दुसरी शक्यता जास्त घातक आहे, कारण मग खिंडीत बर्फ पडला की त्याच्याकडे अंगात घालायला काही उरत नाही.

मर्यादेच्या विरोधात हमखास पुढे येणारा दाखला नामचे बाजार या एव्हरेस्टच्या वाटेवरच्या बाजारगावाकडे जाणाऱ्या भारवाहकांचा. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तिथले पुरुष भारवाहक सरासरी स्वतःच्या वजनाच्या ९३ टक्के, तर स्त्रिया ६६ टक्के ओझं वाहताना आढळल्या. म्हणजे त्यांना सवय आहे, मर्यादा घालून त्यांची कमाई का बुडवता, असं म्हटलं जातं. पण बाजाराचा माल वाहणाऱ्याला किलोवर पैसे मिळतात आणि तो आपल्या चालीने, थांबत थांबत जातो. ट्रेकवरच्या पोर्टरला रोजावर मजुरी असते, आणि ट्रेकर तंबूत किंवा लॉजवर पोचेल त्याच्या आसपास त्यालाही पोचावं लागतं. त्याचं ओझं हलकं केलं म्हणून दिवसाची मजुरी कमी होत नाही, आणखी एका माणसाला काम मिळतं. दुप्पट ओझ्याला दुप्पट पैसे घेणारे पोर्टर आहेत, हे खरं. ती त्यांची गरज आहे, तिला संमती समजणं अन्यायाचं आहे.

कोल्हापूरकरांना ३० किलो म्हणजे किती हे सांगायला नको: गुळाचा एक मोठा रवा. बाजारात हमाल तो उचलून काट्यावर ठेवतो, पोर्टर तेवढंच घेऊन दिवसभर चढतो. आपल्या हमालांसाठी महाराष्ट्राने १९६९ मध्येच माथाडी कायदा केला. मंडळं, भविष्य निर्वाह निधी, भरपाई यांची तरतूद त्यातून झाली. राज्याची हद्द ओलांडली की हा कायदा लागू होत नाही.

२०१४ साली दोन धक्के बसले. एप्रिलमध्ये एव्हरेस्टच्या वाटेवरच्या खुंबू या भेगाळलेल्या बर्फाच्या उतारावर हिमस्खलन होऊन १६ नेपाळी कामगार गेले. सरकारने प्रत्येक कुटुंबाला आधी ४० हजार नेपाळी रुपये देऊ केले, त्यावर मोठा संताप उसळला आणि नेपाळच्या बाजूने त्या हंगामातल्या जवळपास सगळ्या चढाया बंद पडल्या. ऑक्टोबरमध्ये अन्नपूर्णा भागातल्या हिमवादळात चाळीसहून अधिक माणसं मेली, त्यांत ट्रेकर होते तसे त्यांच्याबरोबरचे स्थानिकही. कामगारांचा विमा, हवामानाची सूचना आणि कपडे यांवर सगळ्यात जास्त चर्चा झाली ती यानंतर.

एप्रिल २०२३ पासून नेपाळने बहुतेक ट्रेकमार्गांवर परदेशी ट्रेकरला सोबत मार्गदर्शक घेणं बंधनकारक केलं. आपल्याकडे त्यावर बोलणं झालं ते वाढीव खर्चाचं. या नियमाने पोर्टरचं ओझं, कपडे किंवा विमा यांत काही बदललं नाही. पेरूतल्या इंका वाटेवर आणि किलिमांजारोच्या प्रवेशद्वारांवर ओझी काट्यावर घालून पाहतात. नेपाळ आणि आपल्या हिमालयातल्या बहुतेक वाटांवर हे काम एजन्सी आणि गटप्रमुखाच्या भरवशावर चालतं. त्यामुळे पोर्टरचा विमा कोणी काढला, त्याचा मुक्काम कुठे आणि त्याचं स्वतःचं सामान वजनात धरलं का, हे कोल्हापूरच्या गटाला आगाऊ रक्कम भरण्याआधीच लेखी विचारावं लागतं. ट्रेक सुरू झाल्यावर पोर्टरची संख्या वाढवणं बहुतेक वेळा जमत नाही.