मध्यवर्ती शिरानलिकेची निगा

मान, गळ्याच्या हाडाखालची बाजू किंवा जांघ येथील मोठ्या शिरेत बसविलेल्या नलिकेवाटे (सेंट्रल लाइन) जंतू रक्तात शिरू नयेत म्हणून रुग्णालयात पाळावयाची कार्यपद्धती. संसर्गाचा दर १,००० नलिका-दिवसांमागे मोजतात (एका रुग्णाला एक दिवस नलिका असणे म्हणजे एक नलिका-दिवस).

जंतूंच्या मार्गाबद्दल मतभेद आहेत. एका मतानुसार ते त्वचेवरून नलिकेच्या बाहेरच्या पृष्ठभागाने आत सरकतात. दुसऱ्या मतानुसार नलिकेच्या बाहेरील टोकाच्या जोडमुखातून (हब) तिच्या पोकळीत उतरतात. साधारणपणे पहिल्या दहा दिवसांत बाहेरचा मार्ग व त्यानंतर आतला मार्ग प्रबळ ठरतो, हे मत अधिक ग्राह्य वाटते. दोन्हीकडे जंतूंचा चिकट थर जमतो. त्यात प्रतिजैविकाचा प्रभाव पुरेसा पडत नाही, म्हणून औषध चालू असताना ताप उतरतो आणि थांबविताच परततो. अशा वेळी बहुधा नलिकाच काढावी लागते. भारतीय अतिदक्षता विभागांत क्लेबसिएला व अ‍ॅसिनेटोबॅक्टर हे जंतू ठळकपणे आढळतात. ते हातांवरून व ओलसर जागांतून पसरत असल्याने केवळ त्वचा पुसून भागत नाही.

अमेरिकेतील मिशिगन राज्यात २००३ पासून राबविलेल्या उपक्रमाने पाच गोष्टी रूढ केल्या : हात धुणे; टोपी, मास्क, गाऊन, निर्जंतुक हातमोजे व रुग्णावर मोठी निर्जंतुक चादर; क्लोरहेक्सिडीन या जंतुनाशकाने त्वचाशुद्धी; शक्यतो जांघ टाळणे; अनावश्यक नलिका काढणे. पायरी चुकल्यास डॉक्टरांना थांबविण्याचा अधिकार सिस्टरांना देणे, हा त्यातील फार मोलाचा भाग होय.

नलिका बसविल्यानंतरची निगा अधिक वेळा चुकते. औषध देण्यापूर्वी जोडमुख ७० टक्के अल्कोहोलने ५ ते १५ सेकंद घासून कोरडे होऊ द्यावे. ओलेच जोडल्यास घासणे वाया जाते. पारदर्शक ड्रेसिंग ७ दिवसांनी व गॉझचे २ दिवसांनी बदलतात; सुटलेले, ओले किंवा मळलेले ड्रेसिंग मात्र लगेच. रक्त किंवा स्निग्ध द्रव दिलेला नळीचा संच २४ तासांत बदलावा.

सोलापुरात उन्हाळ्यात पारा ४० अंशांपुढे जातो. घामाने पारदर्शक ड्रेसिंगच्या कडा उचलल्या जातात, म्हणून घाम फार येणाऱ्या रुग्णास गॉझ बरे. शहरात मराठीबरोबर कन्नड व तेलुगूही घरोघरी बोलली जाते. थ्री-वेला (नलिकेला जोडलेल्या तीन तोंडांच्या तोटीला) हात लावू नये, अंग पुसताना ड्रेसिंग भिजू देऊ नये, हे नातेवाइकांना त्यांच्याच भाषेत सांगावे लागते.