नलिकाशंखी सूक्ष्म गोगलगाय : नव्या जातीचे वर्णन

सीसिडी या कुलातील सागरी गोगलगाईंचा शंख वाढत्या वयात वेटोळे घेण्याचे सोडून किंचित वाकलेल्या नळीचा आकार घेतो. बहुतेक जातींत ही नळी २ ते ३ मिमी. लांब असते आणि ५ मिमी.च्या पुढे ती क्वचितच जाते. कुलातील सर्वांत अधिक जाती असलेली प्रजाती (म्हणजे जवळच्या जातींचा गट, जीनस) सीकम ही असून ती निसर्गअभ्यासक जॉन फ्लेमिंग यांनी १८१३ मध्ये स्थापन केली. उष्ण व समशीतोष्ण समुद्रांच्या उथळ तळावर, भरड वाळूच्या कणांमधील पोकळ्यांत, शैवालांच्या मुळाशी, स्पंजांत आणि प्रवाळांच्या चुऱ्यात हे प्राणी राहतात व कणांवर साचलेले डायाटम (एकपेशीय सूक्ष्म शैवाले) आणि जिवाणू खरवडून खातात. आज मान्य असलेल्या जाती दोनशेहून अधिक आहेत आणि त्यांत अजूनही भर पडत आहे. या गटात नवा नमुना हाती लागणे तितकेसे कठीण नाही. त्याचे वेगळेपण जातीचे आहे की केवळ वयाचे, हे सिद्ध करणे मात्र फार कठीण आहे, आणि नव्या जातीच्या वर्णनाचे बरेवाईटपण मुख्यतः याच एका प्रश्नाच्या उत्तरावर ठरते.

ही अडचण शंखाच्या वाढीच्या रीतीतून येते. अंड्यातून बाहेर पडलेला डिंभ (प्रौढाहून वेगळी दिसणारी बाल्यावस्था) पाण्यात तरंगतो तेव्हा त्याला एका प्रतलात गुंडाळलेले अगदी लहान कवच असते. तळावर उतरल्यानंतर या कवचाच्या तोंडापासून नळी वाढू लागते. नळी पुरेशी लांब झाली की प्राणी आपले शरीर पुढे ओढून घेतो, मागच्या बाजूला चुन्याचा आडवा पडदा उभारतो आणि पडद्यामागचा वेटोळ्यांसह सर्व भाग गळून पडतो. वाढीच्या काळात असे एकाहून अधिक वेळा घडते. बहुतेक शंखधारी उदरपादांत (गोगलगाईंच्या वर्गात) डिंभावस्थेतील कवच शंखाच्या टोकाला आयुष्यभर टिकून राहते आणि त्यावरून डिंभ किती काळ तरंगत होता याचा अंदाज बांधता येतो. सीकमच्या प्रौढ नमुन्यात तो पुरावाच उरलेला नसतो. शिवाय कोवळ्या नळीवरील नक्षी आणि प्रौढ नळीवरील नक्षी एकाच जातीत निरनिराळी असू शकते, त्यामुळे एकाच जातीचे दोन वयांचे शंख शेजारी ठेवले तर अनुभवी अभ्यासकही त्यांना दोन जाती समजू शकतो.

जुन्या साहित्यात असे वारंवार झाले आहे. इंग्रज निसर्गअभ्यासक जॉर्ज माँटाग्यू यांनी १८०३ मध्ये ब्रिटिश किनाऱ्यावरील ज्या दोन जातींचे वर्णन केले, त्या आज सीकम ट्रेकिया आणि सीकम ग्लॅब्रम या नावांनी ओळखल्या जातात; पहिलीवर आडवी कडी असतात, दुसरी गुळगुळीत असते. माँटाग्यूंनी मात्र दोन्ही डेन्टॅलियम या प्रजातीत, म्हणजे हस्तिदंती शंखांत घातल्या होत्या. हस्तिदंती शंख हा मृदुकायांचा (गोगलगाई, शिंपले यांसारख्या मऊ शरीराच्या प्राण्यांचा) वेगळाच वर्ग असून त्याची नळी दोन्ही टोकांना उघडी असते, तर सीकमची नळी मागच्या बाजूने पडद्याने बंद असते आणि पुढचे तोंड गोल, चक्राकार रेषांच्या शृंगमय (शिंगासारख्या द्रव्याच्या) झाकणाने मिटते. व्हर्मेटिडी कुलातील नळीशंखही दिसायला जवळचे वाटतात, परंतु ते खडकाला चिकटून वाढतात. सीसिडी आयुष्यभर मोकळे हिंडतात. चुनखडीच्या नळ्या बांधणाऱ्या कृमींशी होणारा घोटाळाही पडदा आणि झाकण पाहिल्यावर मिटतो.

ब्रिटिश शंखअभ्यासक फिलिप कार्पेंटर यांचे काम या गटाच्या इतिहासात विशेष महत्त्वाचे आहे. मेक्सिकोतील माझातलान येथून आलेल्या मोठ्या शिंपल्यांवर चिकटलेला गाळ धुऊन त्यांनी त्यातून असंख्य सूक्ष्म शंख वेचले. १८५७ मध्ये त्या संग्रहाची सूची प्रसिद्ध झाली आणि लगेच पुढच्या काळात त्यांनी संपूर्ण कुलाचा आढावा हाती घेतला. नक्षी आणि पडद्याचा आकार यांवरून त्यांनी एलेफँट्युलम, अनेलम, फार्ट्युलम असे गट पाडले. त्यांच्यानंतर फ्रेंच अभ्यासक लेओपोल्ड द फोलँ यांनी समुद्रतळाच्या गाळातून अनेक जाती वर्णिल्या. या दोघांच्या चिकाटीबद्दल आदर वाटल्याखेरीज राहत नाही; तरीही त्यांनी दिलेली काही नावे अपूर्ण वाढीच्या किंवा झिजलेल्या शंखांवर आधारलेली आहेत आणि आज नवी जात मांडणाऱ्याला आधी या सर्व नावांचा, शक्यतो मूळ नमुने पाहून, निकाल लावावा लागतो. एकाच प्रजातीत एकदा वापरलेले नाव दुसऱ्या जातीला देता येत नाही, हा नियमही येथे सतत आडवा येतो.

अशा नव्या जातीचा शोध गोव्याच्या किनाऱ्यावर घ्यायचा, तर आधी तेथली स्थिती पाहावी लागते. गोव्यात खाण्याच्या शिंपल्यांची जाण घरोघरी आहे. तिसऱ्या, खुबे आणि कालवे कोणत्या खाडीतली चांगली, हे बाजारात सहज सांगितले जाते. परंतु ज्यांना ना मांस आहे ना भाव, अशा मिलिमीटरभर शंखांकडे पाहण्याचे कारण कोणाला पडत नाही. लांब वालुकामय किनारे आणि त्यांच्या मधून समुद्रात घुसलेली जांभ्याची व इतर खडकांची टोके अशी गोव्याच्या किनाऱ्याची रचना आहे. या प्राण्यांच्या शोधासाठी बारीक, एकसारख्या वाळूच्या पट्ट्यांपेक्षा हणजुणे, वागातोर, काब द राम यांसारख्या खडकाळ जागा अधिक उपयोगी आहेत, कारण तेथील फटींत शिंपल्यांचा भरड चुरा अडकतो आणि पावसाळा सरल्यावर खडकांवर सरगॅसमसारखी शैवाले वाढतात. जून ते सप्टेंबर या काळात खवळलेला समुद्र वाळू ओढून नेतो आणि नंतर ती पुन्हा आणून टाकतो, म्हणून एकाच जागेचे नमुने निरनिराळ्या ऋतूंत घेणे आवश्यक ठरते. वास्कोसमोरील ग्रँड बेटाभोवती प्रवाळ आहेत. मात्र प्रवाळांना १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाचे संरक्षण असल्याने तेथील काम परवानगीशिवाय करता येत नाही.

अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या सुकतीला शैवालांचे पुंजके कापून बादलीत हलवून धुतात, खाली बसलेला गाळ अर्ध्या मिलिमीटरच्या किंवा त्याहून बारीक चाळणीवर घेतात आणि जिवंत प्राणी सूक्ष्मदर्शकाखाली ओल्या कुंचल्याने वेचतात. मॅग्नेशियम क्लोराइडाच्या द्रावणात ते सुन्न केल्यास शरीर नळीबाहेर पसरलेले राहते व शृंगिका (डोक्यावरील स्पर्शेंद्रिये), डोळे, पाय यांचे चित्र काढता येते. त्यानंतर नमुने तीव्र इथेनॉलमध्ये ठेवतात. आम्लधर्मी झालेले फॉर्मॅलिन इतक्या पातळ कवचाला विरघळवून टाकते. किनाऱ्यावर वाहून आलेले रिकामे शंख मिळवणे सोपे आहे आणि सूक्ष्म शंखांच्या पुष्कळ जाती केवळ त्यांच्याच आधारे वर्णिल्या गेल्या आहेत, पण अशा शंखाची नक्षी घासलेली असते आणि तो मूळचा तेथलाच होता याची खात्री देता येत नाही. जिवंत नमुना हाती नसताना जात मांडण्याची घाई टाळलेली बरी.

वर्णनात नळीची लांबी, तोंडाजवळचा व मागचा व्यास, वक्रता, कड्यांची संख्या, त्यांचा छेद, दोन कड्यांमधील अंतर, उभ्या रेषा, तोंडाची कड जाड आहे की पातळ, पडद्याचा घुमट किती फुगीर आहे आणि त्यावरील टोक कोणत्या बाजूला झुकलेले आहे, हे सर्व द्यावे लागते. झाकण आणि किसणीसारखी दंतपट्टी यांची चित्रे स्कॅनिंग इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने घेतात. येथे एका शंखाची मोजमापे जवळजवळ निरुपयोगी असतात. डिंभकवच अजून चिकटलेले आहे अशा पिलापासून पूर्ण वाढलेल्या प्रौढापर्यंत सलग मालिका मांडली, तरच कोणते लक्षण वयानुसार बदलते आणि कोणते टिकून राहते हे कळते. ही मालिका नसलेले वर्णन कितीही सुबक चित्रांनी सजलेले असले तरी अपुरेच समजावे. डीएनएच्या साहाय्याने पिले आणि प्रौढ एकाच जातीचे आहेत हे पडताळता येते, परंतु त्यासाठी बहुधा अख्खा प्राणी खर्ची पडतो, म्हणून त्याच्या शंखाची छायाचित्रे आधीच घेऊन ठेवावी लागतात.

नाव ग्राह्य ठरण्याचे नियम प्राण्यांच्या नामकरणाच्या आंतरराष्ट्रीय संहितेत आहेत. तिची चौथी आवृत्ती १ जानेवारी २००० पासून लागू आहे. तिच्यानुसार जात नवी असल्याचे स्पष्ट म्हणावे लागते, इतर जातींपासून तिला वेगळी करणारी लक्षणे शब्दांत द्यावी लागतात आणि नाव ज्याच्याशी कायमचे बांधले जाते तो नमुना, बहुधा एकच होलोटाइप, ठरवून तो कोणत्या संग्रहात आहे हे लिहावे लागते. बाकीचे नमुने पॅराटाइप म्हणून नोंदतात. २०१२ पासून केवळ इलेक्ट्रॉनिक स्वरूपातील प्रकाशनही चालते, मात्र त्याची झूबँक या नोंदवहीत नोंद आवश्यक असते. वर्णन कोणत्या भाषेत असावे याची सक्ती संहिता करत नाही. नाव रोमन अक्षरांत असले पाहिजे, आणि आंतरराष्ट्रीय वापरातील भाषा निवडावी अशी शिफारस आहे; म्हणजे मराठीत लिहिलेले वर्णन नियमांच्या दृष्टीने वैध ठरेल, पण ते जगभरच्या तज्ज्ञांपर्यंत पोहोचावे यासाठी इंग्रजी रूपही सोबत द्यावे लागेल. नमुना जेथून घेतला ती जागा लिहिताना नुसते ‘गोवा’ पुरत नाही. गाव, किनाऱ्याचा नेमका भाग, अक्षांश-रेखांश, खोली, तळाचा प्रकार आणि दिनांक दिला, तरच पुढचा अभ्यासक त्याच खडकापाशी जाऊन नमुने पुन्हा घेऊ शकतो.

भारतात २००२ च्या जैविक विविधता अधिनियमातील कलम ३९ प्रमाणे नव्या जातीची माहिती नियुक्त भांडाराला (नमुने जतन करण्यासाठी नेमलेल्या संस्थेला) कळवून तिचे पुराव्यादाखल नमुने तेथे जमा करावे लागतात. भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्था हे असे एक भांडार आहे, आणि सागरी जीवांसाठी दोनापावल येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचाही त्यांत समावेश आहे. ही संस्था १९६६ मध्ये स्थापन झाली. किनाऱ्यालगतच्या दमट हवेत सूक्ष्म शंख सांभाळणे हे वेगळे काम आहे. लाकडी कपाटांतून, विशेषतः ओकच्या लाकडातून, बाहेर पडणाऱ्या आम्लाच्या वाफा दमट हवेत चुन्याच्या कवचावर पांढरी भुकटी धरवतात आणि दोन मिलिमीटरच्या नळीवरील नक्षी तेवढ्यानेच नष्ट होऊ शकते. म्हणून होलोटाइप कोरड्या, आम्लरहित कुपीत ठेवतात, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकासाठी सोन्याचा लेप द्यायचा तो शक्यतो पॅराटाइपवर देतात, आणि मऊ शरीर असलेले नमुने इथेनॉलमध्ये स्वतंत्र ठेवून त्या सर्वांना एकाच नोंदणी क्रमांकांच्या मालिकेने जोडतात.