'अफ्रेड' : क्रियापद गेलं, रूप उरलं

इंग्रजी शिकणारं मराठी मूल दुसऱ्याला धीर देताना हमखास म्हणतं, 'डोन्ट अफ्रेड.' मराठीच्या हिशेबानं त्याचं बरोबरच असतं. 'घाबरू नकोस' यात 'घाबरणे' हे सरळ क्रियापद, तेव्हा 'अफ्रेड'ही क्रियापदच असणार. 'आय अफ्रेड', 'ही अफ्रेड्स' ही रूपं याच समजुतीतून येतात. शिक्षक मध्ये 'बी' किंवा 'ॲम' घालून देतात, 'अफ्रेड हे विशेषण आहे' एवढं सांगतात आणि धडा पुढे सरकतो. पण या विशेषणाचं वागणं इतर विशेषणांसारखं नाही. ते नामाच्या आधी बसत नाही, त्याच्यापुढे 'बाय' चालत नाही, 'ऑफ' लागतं, आणि कसलीही भीती नसलेला दुकानदारसुद्धा 'आय ॲम अफ्रेड' म्हणून माल संपल्याचं सांगतो. यातल्या बऱ्याच गोष्टी शब्दाचा इतिहास पाहिला की उलगडतात.

त्या मुलाची समजूत सातशे वर्षं उशिरानं बरोबर आहे. मुळात हे क्रियापदच होतं : 'अफ्रे'. १०६६ साली नॉर्मनांनी इंग्लंड जिंकलं आणि पुढची दोन-तीनशे वर्षं दरबार, न्यायालय आणि जमीनदारांची घरं फ्रेंच बोलत राहिली. त्या फ्रेंचमधलं 'एस्फ्रेएर' हे क्रियापद इंग्रजीत 'अफ्रे' झालं. (आजच्या फ्रेंचमध्ये 'एफ्रेये', म्हणजे घाबरवणे, अजून रोजच्या वापरात आहे.) त्याच्याही मागे जाऊन अभ्यासकांनी बोलीभाषेतल्या लॅटिनचं 'एक्सफ्रिदारे' असं रूप बांधलं आहे. हे रूप कुठे लिहिलेलं सापडत नाही, पण त्याचे दोन्ही भाग ओळखीचे आहेत. 'एक्स' म्हणजे बाहेर. 'फ्रिद' हा फ्रँक लोकांच्या जर्मानिक बोलीतला शब्द, अर्थ शांतता. जर्मनमधला 'फ्रीडे' आणि 'फ्रीडरिख' या नावाचा पहिला अर्धा भाग त्याच कुळातले. म्हणजे शब्दाच्या मुळाशी भीती नाहीच, शांतता आहे : एखाद्याला शांततेतून बाहेर काढणे, त्याची स्वस्थता मोडणे.

हा अर्थ सुरुवातीच्या इंग्रजीत जिवंत होता. चौदाव्या शतकातला कवी चॉसर एका कवितेत सांगतो की, पाखरांच्या थव्यानं त्याला झोपेतून 'अफ्रे' केलं. तिथे घाबरवण्याचा प्रश्नच नाही. पाखरांच्या किलबिलाटानं तो दचकून जागा झाला. मराठीत या 'अफ्रे'च्या सर्वांत जवळ जातील ते 'दचकवणे' आणि 'बिथरवणे'. 'भिववणे' बरंच नंतर येतं.

क्रियापदाचं धातुसाधित विशेषण झालं 'अफ्रेड', म्हणजे दचकवलेला, अस्वस्थ केलेला. त्याच्या स्पेलिंगमध्येही हा इतिहास गोठून राहिला आहे. 'पे'चं 'पेड', 'ले'चं 'लेड' लिहिताना वाय जाऊन आयडी येतं, तसंच 'अफ्रे'चं 'अफ्रेड'. पुढे मूळ क्रियापद हळूहळू वापरातून गेलं आणि हे रूप एकटं मागे राहिलं. म्हणूनच त्याला 'बी', 'ॲम', 'वॉज' यांचा आधार लागतो. मुलांना 'अफ्रेड हे विशेषण आहे' असं सांगण्यापेक्षा 'अफ्रेड म्हणजे घाबरलेला' असं सांगावं. 'मी घाबरलेला' एवढ्यावर वाक्य संपत नाही, 'आहे' लागतो, हे मराठी कानाला लगेच कळतं. 'डोन्ट अफ्रेड' म्हणजे 'घाबरलेला नकोस'. यात काय राहिलं ते मूल स्वतःच सांगतं.

इंग्रजीत यासाठी घरचा शब्द नव्हता असं नाही. 'अफिअर्ड' हा जुन्या इंग्रजीपासून चालत आलेला शब्द होता आणि तो 'फिअर'च्या घरातला. ('फिअर'चाही जुना अर्थ भीती नव्हता, अचानक ओढवलेलं संकट असा होता.) 'अफिअर्ड' आणि 'अफ्रेड' दिसायला भावंडं वाटतात, पण एक जर्मानिक वंशाचा, दुसरा फ्रेंच वाटेनं आलेला. चॉसरनं एका बाईचं वर्णन करताना दोन्ही एकाच ओळीत वापरले : ती 'अफिअर्ड'ही नव्हती आणि 'अफ्रेड'ही नव्हती. दोन शब्द शेजारी ठेवावेसे वाटले, याचा अर्थ तेव्हा त्यांत फरक जाणवत असावा. पहिला भ्यालेला, दुसरा गडबडलेला. दोनशे वर्षांनी शेक्सपिअरच्या नाटकांत दोन्ही शब्द येतात, पण फरक पुसट झालेला आहे. १६११ च्या इंग्रजी बायबलनं 'अफ्रेड' उचलला. पाण्यावरून चालत येणारा येशू शिष्यांना 'बी नॉट अफ्रेड' म्हणतो. घरोघरी आणि चर्चमध्ये वाचल्या जाणाऱ्या त्या ग्रंथानं शब्दाला बळ दिलं. १७०० नंतर 'अफिअर्ड' लिखाणातून जवळजवळ नाहीसा झाला आणि बोलीभाषांपुरता उरला.

मग 'अफ्रे' कुठे गेलं? ते कायद्यात टिकलं, आणि या शब्दाच्या इतिहासातला हा भाग आपल्या अगदी दाराशी येतो. १३२८ च्या नॉर्थॅम्प्टनच्या कायद्यात शस्त्रं घेऊन 'शांततेचा अफ्रे' करण्याला मनाई आहे. अठराव्या शतकात कायदेपंडित ब्लॅकस्टोननं व्याख्या दिली ती अशी : दोन किंवा अधिक माणसांनी सार्वजनिक जागी केलेली मारामारी, जिनं राजाच्या प्रजेत दहशत पसरते. हाच गुन्हा १८६० च्या भारतीय दंड संहितेत कलम १५९ म्हणून आला. तिथे व्याख्येतली दहशत गळली आणि 'सार्वजनिक शांततेचा भंग' उरला. कलम १६० मध्ये शिक्षा होती एक महिन्यापर्यंत कैद किंवा १०० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तो कलम १९४ आहे. कैद तेवढीच, दंड १,००० रुपयांपर्यंत. गुन्हा ठरायला शांतताभंगाखेरीज तीन गोष्टी लागतात : किमान दोन माणसं, जागा सार्वजनिक, आणि दोन्ही बाजूंनी मारामारी. एकानं मारलं आणि दुसऱ्यानं मुकाट सोसलं, तर हे कलम बसत नाही, मारहाणीचं कलम पाहावं लागतं. बंद घरातल्या भांडणालाही ते लागत नाही.

इंग्लंडमध्ये नेमकं उलट घडलं. १९८६ च्या कायद्यातल्या 'अफ्रे'च्या व्याख्येत शांततेचा उल्लेख नाही. तिथे उभ्या असलेल्या खंबीर माणसालाही स्वतःच्या सुरक्षिततेची भीती वाटेल असं वर्तन, ही कसोटी आहे, आणि खासगी जागेतही गुन्हा घडू शकतो. शब्दाच्या पोटात दोन अर्थ होते, मोडलेली शांतता आणि भीती. भारतीय कायद्यानं पहिला ठेवला, इंग्लंडनं दुसरा.

'अफ्रे'चं तोंड झिजून 'फ्रे' झालं. भारतातली इंग्रजी वर्तमानपत्रं निवडणुकीत अमुक इतके उमेदवार 'इन द फ्रे' लिहितात आणि मराठी वर्तमानपत्रं 'रिंगणात' लिहितात, तोच हा शब्द. कापडाचे धागे विसविशीत होणं या अर्थाचं 'फ्रे' मात्र वेगळं. ते घासणे या अर्थाच्या लॅटिन क्रियापदातून आलं.

आता वापराकडे. 'अफ्रेड' हे विधिविशेषण म्हणूनच, म्हणजे नामाच्या नंतरच, येतं. 'द चाइल्ड इज अफ्रेड' चालतं, 'ॲन अफ्रेड चाइल्ड' चालत नाही. तिथे 'फ्रायटन्ड' किंवा 'स्केअर्ड' लागतं. 'अस्लीप', 'अलाइव्ह', 'अवेक' हेही असेच वागतात. 'अस्लीप', 'अलाइव्ह' यांचा सुरुवातीचा 'अ' जुन्या इंग्रजीतल्या 'ऑन'चा अवशेष आहे, तर 'अफ्रेड'चा 'अ' लॅटिन 'एक्स'चा. पण चेहरा सारखा म्हणून वळणही सारखं लागलं. मराठीत 'घाबरलेलं मूल' आणि 'मूल घाबरलेलं आहे' दोन्ही चालतं, त्यामुळे इथे चूक होणारच.

पुढच्या 'ऑफ'चा मेळही जुन्या प्रयोगाशी बसतो. त्या काळच्या इंग्रजीत कर्मणी वाक्यातल्या कर्त्याला आजच्या 'बाय'ऐवजी बऱ्याचदा 'ऑफ' लागे. आज 'फ्रायटन्ड बाय' म्हणता येतं, पण 'अफ्रेड बाय' कधीच नाही. 'अफ्रेड फ्रॉम' ही चूक हिंदीच्या 'से डरना'वरून येते. मराठी माणसाची चूक निराळी. 'कुत्र्याला घाबरतो' यातला 'ला' इंग्रजीत कुठे ठेवावा ते कळत नाही आणि 'ऑफ'च गळून जातो. 'कुत्र्याची भीती' असं मनात म्हटलं तर 'ची'च्या जागी 'ऑफ' आपोआप येतो.

'अफ्रेड टू' आणि 'अफ्रेड ऑफ' यांतला फरक शिकवायला मराठीइतकी सोयीची भाषा नाही. 'शिडी चढायला घाबरतो' : चढणं माझ्या हातात आहे, भीतीमुळे मी ते टाळतो, इथे 'टू'. 'शिडीवरून पडण्याची भीती वाटते' : पडणं माझ्या हातात नाही, इथे 'ऑफ' आणि पुढे 'फॉलिंग'. 'आयला' दिसलं की 'टू', 'ण्याची' दिसलं की 'ऑफ'. एवढ्यावर बहुतेक वाक्यं सुटतात. 'अफ्रेड फॉर' मात्र तिसरीच गोष्ट : दुसऱ्याच्या काळजीनं जीव टांगणीला लागणं.

राहिलं सौजन्याचं 'आय ॲम अफ्रेड'. अप्रिय गोष्ट सांगण्याआधी खेद दाखवायची ही पद्धत सोळाव्या शतकाच्या अखेरीपासून नोंदलेली आहे. यात भीती उरलेली नाही, आणि ते तपासायला एक सोपी युक्ती आहे : मध्ये 'व्हेरी' घालून पाहावं. 'आय ॲम व्हेरी अफ्रेड ऑफ डॉग्ज' बसतं. पण 'आय ॲम अफ्रेड वी आर क्लोज्ड' यात 'व्हेरी' घातलं की दुकानदार खरोखरच घाबरलेला वाटतो. नकारातही हा अर्थ टिकत नाही. 'आय ॲम नॉट अफ्रेड' म्हणजे फक्त 'मी घाबरत नाही'.

मराठी अनुवादांत आणि उपशीर्षकांत सर्वांत जास्त घोटाळा इथे होतो. 'मला भीती वाटते की तिकिटं संपली आहेत' असं खिडकीवरचा कोणताही मराठी माणूस म्हणणार नाही. तो म्हणेल, 'तिकिटं संपली हो' किंवा 'माफ करा, संपली तिकिटं'. डॉक्टरच्या तोंडी 'आय ॲम अफ्रेड इट्स सीरियस' असेल, तर मराठीत 'परिस्थिती जरा गंभीर आहे' एवढंच पुरतं. खेद त्या 'जरा'त येतो. बोलणाऱ्याला गोष्ट आधीच ठाऊक असेल तर 'भीती' काढून टाकावी, आणि पुढे काय होईल याची खरी धास्ती असेल तर ठेवावी. 'आय ॲम अफ्रेड ही मे नॉट कम' याला 'तो येतो की नाही, मला धास्तीच वाटते' हे योग्य. नुसत्या 'आय ॲम अफ्रेड सो' या उत्तराला मराठीत एक सुस्कारा आणि 'हो ना' पुरेसं असतं.