जुनी पडीक मोटारसायकल पुन्हा रस्त्यावर आणताना : पात्रता, कागदपत्रे आणि आरटीओतील अर्जांचा क्रम

गोठ्यात, जिन्याखाली किंवा बंद गॅरेजमध्ये वर्षानुवर्षे पडून राहिलेली मोटारसायकल विकत घेऊन किंवा वारसाने मिळवून ती पुन्हा चालती करण्याचा विचार करणाऱ्यांची संख्या वाढली आहे. अशा गाडीचे कार्ब्युरेटर, वायरिंग आणि क्रोम यांची चर्चा भरपूर होते, पण गाडी कायदेशीररीत्या रस्त्यावर उतरण्यासाठी जे कागद लागतात त्यांचा विचार बहुधा रंगकाम संपल्यावर सुरू होतो. हा क्रम उलटा असायला हवा. ही माहिती महाराष्ट्रात नोंदलेल्या, पंधरा वर्षांहून जुन्या, खासगी वापराच्या दुचाकीसाठी आणि प्रथमच अशी गाडी घेणाऱ्यासाठी आहे.

सर्वांत आधी गाडीची ओळख पटवावी. नोंदणी प्रमाणपत्रावर, म्हणजे आरसीवर, लिहिलेला चेसिस नंबर आणि इंजिन नंबर गाडीवर प्रत्यक्ष कोरलेल्या नंबरांशी अक्षरशः जुळला पाहिजे. बहुतेक जुन्या मोटारसायकलींवर चेसिस नंबर हँडलच्या मागे, फ्रेमच्या पुढच्या गळ्यावर ठोकलेला असतो आणि इंजिन नंबर क्रँककेसवर, म्हणजे इंजिनच्या खालच्या कवचावर, असतो. तीस-चाळीस वर्षांच्या गाडीवर तो रंगाच्या तीन-चार थरांखाली, गंजाखाली किंवा चक्क लांबीच्या (पुट्टीच्या) थराखाली गाडला गेलेला आढळतो. थिनरमध्ये भिजवलेल्या चिंध्याने आणि मऊ ब्रशने ती जागा हळूहळू साफ करावी, वर पातळ कागद धरून पेन्सिल आडवी फिरवावी आणि नंबरचा ठसा उमटवून घ्यावा. आरटीओच्या अर्जावर हाच पेन्सिल प्रिंट लागतो. हा ठसा घेण्यापूर्वी फ्रेम सँडब्लास्टिंगला (वाळूच्या माऱ्याने रंग-गंज काढायला) किंवा पावडर कोटिंगला अजिबात देऊ नये, कारण खोलवर नसलेले आकडे ब्लास्टिंगमध्ये झिजतात आणि पावडरच्या जाड थरात बुजतात. इंजिनला चकाकी आणण्यासाठी बफिंग करणाऱ्या कारागिरालाही नंबरच्या पट्टीला हात लावायचा नाही, असे बजावून सांगावे. पुसट झालेला आकडा स्वतः पंच मारून ‘ठळक’ करणे हा तर नसता उद्योग आहे. निरीक्षकाच्या नजरेत तो नंबराशी केलेला छेडछाडीचा प्रकार ठरतो आणि गाडी तिथेच अडकते.

नंबर जुळले की परिवहन विभागाच्या वाहन पोर्टलवर किंवा एमपरिवहन अ‍ॅपवर गाडीचा क्रमांक टाकून नोंद सापडते का ते पाहावे. यामाहा आरएक्स 100 ही गाडी भारतात 1985 ते 1996 या काळात तयार होत होती, आणि म्हैसूरच्या कारखान्यातून येणारी येझदीही 1996 मध्ये थांबली. म्हणजे या गाड्यांची मूळ नोंदणी संगणकापूर्वीच्या हस्तलिखित पुस्तकांतली आहे. 1 जुलै 1989 पासून सध्याचा मोटार वाहन कायदा लागू झाला, त्याआधीच्या गाड्यांवर तर ‘एमएच’ ऐवजी एम अक्षराने सुरू होणारे तीन अक्षरी क्रमांक आहेत. अशा गाडीची माहिती पोर्टलवर दिसत नसेल तर मूळ नोंदणी असलेल्या कार्यालयात मूळ आरसी बुकासह लेखी अर्ज देऊन जुनी नोंद संगणकात चढवून घ्यावी लागते. बोलीभाषेत याला बॅकलॉग एंट्री म्हणतात. कार्यालयातील जुन्या रजिस्टरशी पडताळणी झाल्याशिवाय ती होत नाही, त्यामुळे येथे वेळ लागतो. ही नोंद चढेपर्यंत पुढचा एकही ऑनलाइन अर्ज भरता येत नाही.

आरसी बुकच नसेल, पण विकणारा ‘कागद नंतर बघू’ म्हणत असेल, तर व्यवहार करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. नोंदणीकृत मालक हयात असून समोर असेल तर गोष्ट वेगळी. तो पोलिसांकडे आरसी गहाळ झाल्याची तक्रार नोंदवून फॉर्म 26 मध्ये दुय्यम प्रतीसाठी अर्ज करू शकतो. मात्र हा अर्ज त्यानेच करायचा असतो, खरेदीदाराने नव्हे. भंगारवाल्याकडून घेतलेल्या, मालकाचा पत्ता नसलेल्या गाडीला रीतसर नावावर करण्याचा साधा मार्ग नाही. ती चोरीची असू शकते, किंवा कलम 55 नुसार तिची नोंदणी रद्द झालेलीही असू शकते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या ‘वाहन समन्वय’ या सेवेवर चोरीच्या वाहनांची पडताळणी करता येते; ती पैसे देण्यापूर्वी करावी.

आता अर्जांच्या क्रमाकडे वळू. खासगी दुचाकीची पहिली नोंदणी पंधरा वर्षांसाठी असते आणि त्यानंतर दर वेळी पाच वर्षांसाठी नूतनीकरण होते. पडीक गाडीची ही मुदत जवळजवळ नेहमीच उलटून गेलेली असते. मुदत संपलेल्या आरसीवर थेट नाव बदलण्याचा अर्ज सहसा पुढे सरकत नाही. आधी जुन्याच मालकाच्या नावाने नूतनीकरण आणि मग हस्तांतरण, असा मार्ग घ्यावा लागतो. दोन्ही टप्प्यांवर जुन्या मालकाची सही आणि त्याच्या मोबाइलवर येणारा ओटीपी लागत असल्याने सौद्याची सगळी रक्कम पहिल्याच दिवशी मोजू नये. काही भाग आरसी नावावर होईपर्यंत राखून ठेवावा आणि तसे साध्या कागदावर दोघांच्या सहीने लिहून घ्यावे. पैसे हातात पडल्यावर फोन न उचलणारे विक्रेते हीच या व्यवहारातली सर्वांत मोठी डोकेदुखी आहे.

नूतनीकरणाचा अर्ज फॉर्म 25 मध्ये करायचा असतो. त्यासोबत मूळ आरसी, चालू विमा, चालू पीयूसी, पत्त्याचा पुरावा, पॅन कार्ड किंवा त्याऐवजी फॉर्म 60, चेसिसचा पेन्सिल प्रिंट आणि कर भरल्याचा पुरावा लागतो. केंद्राच्या 2021 च्या अधिसूचनेनुसार 1 एप्रिल 2022 पासून मोटारसायकलीच्या नूतनीकरणाचे शुल्क 1000 रुपये झाले, आणि ऑगस्ट 2025 मधील दुरुस्तीने वीस वर्षांपेक्षा जुन्या मोटारसायकलीसाठी ते 2000 रुपये करण्यात आले. खरा फटका विलंबाचा बसतो. अर्जास उशीर झाल्यास मोटारसायकलीसाठी प्रत्येक महिन्याला किंवा त्याच्या भागाला 300 रुपये जादा शुल्क नियमात आहे. शिवाय महाराष्ट्रात पंधरा वर्षांवरील खासगी वाहनांना पाच-पाच वर्षांचा पर्यावरण कर एकदम भरावा लागतो आणि त्याची थकबाकी असल्यास तीही निघते. म्हणून गाडीचा भाव ठरवण्याआधी पोर्टलवर क्रमांक टाकून येणारी एकूण रक्कम आणि थकलेली ई-चलाने पाहावीत. काही वेळा ही बेरीज गाडीच्या मागितलेल्या किमतीच्या वर जाते, आणि मग भाव करण्याची भाषाच बदलते.

विमा आणि पीयूसी या दोन कागदांवर नवखा माणूस अडखळतो, कारण गाडी चालू झाल्याशिवाय पीयूसी नाही, आणि पीयूसी व विमा असल्याशिवाय नूतनीकरणाची आरटीओतील तपासणी नाही. त्यामुळे इंजिन, ब्रेक आणि वायरिंगचे काम नूतनीकरणापूर्वी उरकावे. रंग, सीट आणि क्रोम नंतर केले तरी चालते. पीयूसीमध्ये 31 मार्च 2000 पर्यंत तयार झालेल्या दुचाकीला निष्क्रिय वेगावर, म्हणजे गाडी उभी असून इंजिन मंद चालू असताना, कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा 4.5 टक्के आणि हायड्रोकार्बनची 9000 पीपीएम (दहा लाखांत इतके भाग) आहे. त्यानंतरच्या, पण बीएस-4 या प्रदूषण मानकापूर्वीच्या गाड्यांना कार्बन मोनॉक्साइड 3.5 टक्के, तर हायड्रोकार्बन टू-स्ट्रोकला 6000 आणि फोर-स्ट्रोकला 4500 पीपीएम इतके चालते. टू-स्ट्रोक गाडी जास्त ऑइलवर चालवत असाल किंवा सायलेन्सरमध्ये वर्षांची काजळी साचली असेल तर हे आकडे ओलांडले जातात. सायलेन्सर आतून साफ करून आणि मिश्रण बेताचे ठेवूनच केंद्रावर जावे. या जुन्या गाड्यांचे प्रमाणपत्र सहा महिनेच टिकते. विम्यापैकी तृतीय पक्षाचा विमा कायद्याने सक्तीचा आहे. 2022 च्या दरांनुसार 75 ते 150 सीसीच्या दुचाकीला वर्षाचा मूळ हप्ता 714 रुपये आणि 150 ते 350 सीसीला 1366 रुपये असून त्यावर कर वेगळा आहे. सर्वसमावेशक विमा इतक्या जुन्या गाडीला सहजी मिळत नाही, आणि या टप्प्यावर त्याची गरजही नाही.

1 एप्रिल 2019 पूर्वी नोंदलेल्या सर्व वाहनांना उच्च सुरक्षा नोंदणी पाटी, म्हणजे एचएसआरपी, बसवणे बंधनकारक आहे आणि ती नसेल तर आरटीओतील बहुतेक कामे अडतात. महाराष्ट्रात दुचाकीसाठी तिचे शुल्क जीएसटी वगळता 450 रुपये आहे. ऑनलाइन नोंदणी करताना चेसिस आणि इंजिन नंबरांचे शेवटचे पाच अंक विचारले जातात, त्यामुळे पोर्टलवर जुनी नोंद चढवताना आकड्याची चूक झाली असेल तर ती इथे उघडी पडते. जुन्या पितळी किंवा हाताने रंगवलेल्या पाटीचा कितीही लोभ असला तरी ती घरातच ठेवावी.

तपासणीसाठी ठरलेल्या वेळी गाडी आरटीओत न्यावी लागते. आरसीची मुदत संपलेली असताना ती चालवत नेणे कायद्याला धरून नाही, म्हणून ‘छोटा हत्ती’ टेम्पोवर टाकून नेणे हाच योग्य मार्ग आहे. मोटार वाहन निरीक्षक नंबर जुळवतो, हेडलाइट, ब्रेकलाइट, इंडिकेटर, हॉर्न, दोन्ही ब्रेक, आरसे, टायर आणि सायलेन्सर पाहतो. मूळ गाडीला आरसा एकच होता किंवा इंडिकेटर नव्हतेच, असा युक्तिवाद खिडकीपाशी चालेल या भरवशावर राहू नये. काढता येतील असे इंडिकेटर आणि आरसे तात्पुरते बसवून न्यावेत.

नूतनीकरण झाल्यावर हस्तांतरण. त्यासाठी विक्रेत्याच्या सहीचा फॉर्म 29 दोन प्रतींत आणि दोघांच्या सहीचा फॉर्म 30 लागतो. राज्यांतर्गत व्यवहारात विक्रेत्याने 14 दिवसांत आणि खरेदीदाराने 30 दिवसांत नोंदणी प्राधिकाऱ्याला कळवावे, असे कलम 50 सांगते. विमा कंपनीलाही खरेदीदाराने 14 दिवसांत कळवून पॉलिसी नावावर करून घ्यायची असते. आरसीवर कर्जाचा बोजा दिसत असेल तर फॉर्म 35 आणि बँकेचे ना हरकत पत्र हवे. कर्ज फिटून पंचवीस वर्षे झाली तरी बोजा आपोआप उतरत नाही. बँकच राहिली नसेल तर ती ज्या बँकेत विलीन झाली तिच्याकडे जावे. उदाहरणार्थ, देना बँकेचे कर्जखाते 2019 पासून बँक ऑफ बडोदाकडे आहे.

गाडी दिवंगत वडिलांच्या किंवा आजोबांच्या नावावर असेल, तर फॉर्म 29 आणि 30 ऐवजी फॉर्म 31 वापरावा. त्यासोबत मृत्यूचा दाखला, वारसाचा पुरावा आणि इतर सर्व वारसांची ना हरकत प्रतिज्ञापत्रे द्यावी लागतात. कायद्याने ही माहिती मृत्यूनंतर 30 दिवसांत आणि अर्ज तीन महिन्यांत अपेक्षित आहे. घरोघरी तसे होत नाही. उशीर झाला म्हणून हक्क जात नाही, पण मध्यंतरी एखादा वारसही गेला असेल तर त्याच्या वारसांच्याही सह्या लागतात. आत्याची सही राहिली म्हणून फाइल परत येण्याचे प्रसंग काही कमी नाहीत, तेव्हा कुटुंबातली बोलणी आधी उरकावीत.

सिंधुदुर्गातल्या अनेकांना गोव्याची जुनी बुलेट किंवा येझदी स्वस्तात मिळते. अशा परराज्यातल्या गाडीसाठी मूळ कार्यालयाकडून फॉर्म 28 वर ना हरकत प्रमाणपत्र आणावे लागते, महाराष्ट्राचा कर भरावा लागतो आणि फॉर्म 27 ने नवा एमएच क्रमांक घ्यावा लागतो. मूळ नोंदणीची मुदत संपलेली असेल तर ते ना हरकत प्रमाणपत्र मिळवण्यापूर्वी तिथला हिशेब मिटवावा लागतो, हे भाव करताना लक्षात असू द्यावे.

दुरुस्तीच्या ओघात केलेला बदलही नोंदवावा लागतो. आरसीवर लाल रंग असताना गाडी काळी केली, किंवा क्रँककेस फुटली म्हणून दुसऱ्या नंबरचे इंजिन बसवले, तर कलम 52 खाली 14 दिवसांत कळवून आरसीवर दुरुस्ती करून घ्यावी. दुसरे इंजिन घेताना त्याचे बिल आणि ते ज्या गाडीचे होते तिची कागदपत्रे मागून घ्यावीत. आरएक्स 100 मध्ये 135 सीसीचे इंजिन टाकण्याची हौस बऱ्याच जणांना असते, पण त्यात घनक्षमताच बदलत असल्याने कागदोपत्री ते प्रकरण अवघड होऊन बसते. त्यापेक्षा मूळ क्रँककेस वेल्डिंग करून वाचवणे परवडते.

पहिल्या नोंदणीपासून 50 वर्षे उलटलेल्या आणि मूळ स्वरूपात असलेल्या गाडीसाठी जुलै 2021 पासून व्हिंटेज नोंदणीचा वेगळा मार्ग आहे. त्यासाठी फॉर्म 20, विमा आणि जुनी आरसी देऊन 20,000 रुपये शुल्क भरावे लागते. क्रमांकात ‘व्हीए’ अक्षरे येतात, नोंदणी दहा वर्षांची असते आणि पुढील नोंदणीला 5000 रुपये पडतात. मात्र अशी गाडी प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणे आणि देखभाल यांपुरतीच रस्त्यावर आणता येते. रोज कामावर नेण्यासाठी गाडी हवी असेल तर साधे पाच वर्षांचे नूतनीकरणच घ्यावे.

अर्ज मंजूर झाल्यावर स्मार्ट कार्ड आरसी टपालाने घरच्या पत्त्यावर येते, म्हणून अर्जातला पत्ता आणि पिनकोड नीट तपासावा. कार्ड हातात आल्यावर नाव, रंग, उत्पादन वर्ष आणि दोन्ही नंबर लगेच ताडून पाहावेत. टंकलेखनाची चूक त्याच आठवड्यात अर्ज देऊन दुरुस्त करून घेतल्यास मूळ फाइल कार्यालयात हाताशी असते.