शाळेच्या बदल्यात समुद्र लिहून घेतात?

नवी पेठेत चहाच्या टपरीवर परवा पुन्हा तोच फॉरवर्ड: 'परदेशी संस्था शाळा बांधून देतात आणि किनारा लिहून घेतात.' सोलापूरकराला हे पटकन पटतं. १९७९च्या माळढोक अभयारण्यामुळे जमिनीच्या व्यवहारांना बसलेली खीळ नान्नजकडे कोण विसरलंय!

पण बेटांवरच्या गावांशी असे करार करणाऱ्या सिकॉलॉजीसारख्या परदेशी संस्थेच्या करारात सातबारा हलत नाही (तिकडे सातबारा नसतोच म्हणा). गाव ठरवतं, अमुक पट्ट्यात इतकी वर्षं मासेमारी बंद. संस्था शाळा, दवाखाना, पाण्याची टाकी यांचा खर्च उचलते. मालकी गावाची, राखणही गावाचीच.

मुळात या कल्पनेची सुरुवात झाली जंगलापासून. प्रशांत महासागरातल्या सामोआ या बेटांच्या देशातल्या फालेआलुपो गावावर शाळेसाठी झाडं विकायची वेळ आली होती; वनस्पतिशास्त्रज्ञ पॉल कॉक्स यांनी शाळेचे पैसे उभे केले, गावाने जंगल राखायचा शब्द दिला.